टेडी वेदरफर्डच्या एकल तबकड्या



बेल्ह्याच्या व्यासपीठावरून आम्ही जाझविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्या जुन्नर तालुक्यात तमाशाचे फड नांदले, तेथल्या श्रोत्याला ठेका म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आणि आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः ठेक्याचेच आहे. शिवाय माळशेज उतरून आपण ज्या मुंबईला जातो, तेथल्याच ताजमहाल हॉटेलात हा वादक वाजवीत असे.

टेडी वेदरफर्ड १९०३ साली अमेरिकेत जन्मला. शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने त्याने पियानो वाजविला. १९२६ साली तो पूर्वेकडे निघाला. शांघायमध्ये नाव कमावून तो मुंबईस, क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदात आला. (नाव क्रिकेट असले तरी हा गृहस्थ ट्रंपेट वाजवी!)

१९३७ साली पॅरिसमध्ये ‘स्विंग’ या नव्या फ्रेंच कंपनीसाठी त्याने एकट्याने पियानो वाजविला. ‘टी फॉर टू’ हे नाटकातले हलकेफुलके गीत त्यांत होते. एकट्याने वाजविणे म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्या फडात गाणाऱ्याच्या पाठीशी ढोलकी, तुणतुणे, झीलकरी असा सारा संसार उभा असतो. येथे तो दहा बोटांत मावावयाचा. डावा हात खर्जाचा स्वर टाकतो आणि पुढच्याच मात्रेला मधल्या सप्तकातील स्वरसमूहावर झेप घेतो; ही ये-जा अखंड चालते, तीच त्याची ढोलकी. उजवा हात तिच्यावर मनमुराद खेळतो. वाद्यवृंदात एखादी मात्रा निसटली तरी झाकली जाते. येथे ती उघडी पडते.

त्यात ध्वनिमुद्रणाची कडक शिस्त. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. मेणाच्या चकतीवर सुई कोरीत जाई. अडीच मिनिटे उत्तम वाजवून अखेरीस बोट घसरले, तर चकती बाद. चुकले तेवढेच दुरुस्त करावयाची सोय नव्हती. अब्दुल करीम खाँसाहेबांनाही राग याच तीन मिनिटांत मांडावा लागला. पण त्यांच्या साथीला निदान तबला तरी होता.

मुंबईच्या जाझचा इतिहास सांगताना लोक वाद्यवृंदांचा सांगतात, फार तर चित्रपटांचा. शेजारच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र व गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा ‘अलबेला’ (१९५१) सर्वांच्या ओठी असतो. ते योग्यच आहे. पण नृत्यशाळेतला तो गलबला बाजूला सारून एका माणसाचा हात ऐकावयाचा, तर आम्ही पॅरिसच्या या तबकड्यांकडेच बोट दाखवू.

‘आल्बम’ हा शब्द आला तोही तबकड्यांच्या याच जमान्यातून: सुट्या तबकड्या कागदी पाकिटांत घालून, छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधलेल्या. दीर्घ वादन एका बाजूवर घेणारी तबकडी अमेरिकेत १९४८ साली निघाली. वेदरफर्ड त्याआधीच, एप्रिल १९४५ मध्ये, कलकत्त्यास पटकीने वारला होता.