ऊमरावतीचा कापूस आणि सहा पेनीचे दुकान

लिव्हरपूलच्या कापूसबाजारात एकोणिसाव्या शतकात ‘ऊमरा’ या नावाने एक कापूस विकला जाई. हे नाव अमरावतीवरून पडलेले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस अडकून पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच लिव्हरपुलात ५ नोव्हेंबर १९०९ रोजी फ्रँक वुलवर्थ या अमेरिकन व्यापाऱ्याने आपले ब्रिटनमधील पहिले दुकान उघडले. सहा पेनीच्या वर कोणतीही वस्तू नाही, हा त्याचा बाणा. आमच्या जत्रेतल्या ‘हर एक माल’वाल्याचाच हा भाऊबंद, फक्त पक्क्या इमारतीत बसलेला.

या जातीच्या दुकानांचा इतिहास आम्हां वऱ्हाडकरांचाही आहे, असे आम्हांला वाटते. तो लिहिला मात्र गेलेला नाही.

१९९०च्या दशकात अमरावती-अकोल्याची अभियंता मुले संगणकाच्या लाटेवर अमेरिकेत गेली. त्यांचा पहिला संसार बहुधा के-मार्टात किंवा वॉलमार्टात उभा राहिला: उशा, पातेली, बर्फातले बूट. ही दोन्ही दुकाने १९६२ साली सुरू झालेली. पैकी के-मार्ट मिशिगनचे. अकोल्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला तिथे दोन धक्के बसत. एक, भाव करता येत नाही. दुसरा, पावती असली की घेतलेली वस्तू परत करता येते, आणि त्याबद्दल कोणी कपाळाला आठी घालीत नाही. आमच्याकडे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेली असे.

पुढे आईवडील सहा महिन्यांसाठी जाऊ लागले. परततानाच्या बत्तीस-बत्तीस किलोंच्या दोन बॅगांत याच दुकानांचा माल भरे: चॉकलेटे, विजेऱ्या, बनियनवजा सदरे. किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढायची आणि ‘अमेरिकेहून आणले’ एवढेच सांगायचे. सदऱ्याच्या कॉलरीत कधी ‘भारतात तयार’ अशी पट्टी निघे. मग घरात हशा पिके. खरे तर त्यात हसण्यासारखे नवे काही नव्हते. ऊमरावतीचा कापूस विलायतेला जाऊन कापड होऊन परत येतो, हे आमच्या पणजोबांनीही पाहिले होते.

आमची तक्रार आहे ती लिहिणाऱ्यांविषयी. नायगाऱ्यावर पाने खर्च करणारी आमची प्रवासवर्णने या दुकानांपाशी थबकत नाहीत. स्वस्त दुकानात जावे लागले, हे सांगण्याची लाज हेच त्याचे कारण असावे. परदेशातली आपल्या माणसांची पहिली ओढगस्त त्यामुळे साहित्यातून निसटली.

आणि आता तर दुकानेही उरली नाहीत. ब्रिटनमधील वुलवर्थची आठशेवर दुकाने डिसेंबर २००८ ते ६ जानेवारी २००९ या काही दिवसांत बंद झाली. सुमारे सत्तावीस हजार माणसांची नोकरी गेली. के-मार्टने जानेवारी २००२ मध्येच दिवाळे जाहीर केले होते. वॉलमार्टने संगणक आणि मालवाहतूक यांवर पैसा ओतला, तेव्हा के-मार्ट इतर धंदे विकत घेण्यात गुंतले होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल, १९९२ साली त्याने बॉर्डर्स ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी घेतली आणि तीन वर्षांत सोडून दिली. (तीही २०११ साली मिटली.) अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे के-मार्टचे शेवटचे पूर्ण आकाराचे दुकान न्यूयॉर्क राज्यातील ब्रिजहॅम्प्टनला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. ऑस्ट्रेलियातले के-मार्ट चालू आहे, पण त्याचा मालक वेगळा.

अशी दुकाने मिटताना शेवटचा सेल लागतो. आधी माल जातो, मग फडताळे, हँगर, ढकलगाड्यासुद्धा विकायला निघतात. मुलांनी पहिली पातेली जिथून घेतली, तिथल्या भिंती उघड्या पडतात. आणि दाराशी एक पाटी लागते: या विक्रीतला माल परत घेतला जाणार नाही.