मिरजेची वाट

सीमाभागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मिरजेला नेलं’ एवढे दोन शब्द पुरेसे असत. गावच्या वैद्याचा उतार पडला नाही, तालुक्याच्या डॉक्टरने हात टेकले, की पेशंटला मिरजेला न्यायचे. गवयांचे मिरज तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध. आपल्या घरांतून मिरज म्हणजे मिशन हॉस्पिटल. ही वाट कशी पडली, हा आपल्याच मुलखाच्या इतिहासाचा भाग आहे.

डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यक शिकून १८८९ मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीला आले. पत्नी मेरी परिचारिका होत्या. सांगलीतला दवाखाना लहान होता. शस्त्रक्रियेला जागा हवी होती. पुढे मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियातील रेल्वे-इंजिनांचे कारखानदार जॉन कॉनव्हर्स यांनी इमारतीसाठी पैसा दिला, आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले.

आगगाडीच्या कारखानदाराचा पैसा मिरजेत यावा, हा योगायोग मोठा सूचक. कारण हे रुग्णालय वाढले ते आगगाडीमुळेच. पुण्याहून लोंढ्याकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची गाडी मिरजेवरून जाई; कोल्हापूरचा फाटा १८९१ पासून मिरजेला जोडलेला होता. १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेही येऊन मिळाली. मोतीबिंदूने दिसेनासे झालेला म्हातारा बैलगाडीतून स्टेशनपर्यंत आला, की पुढे मिरज फार दूर नसे. बेळगाव, गोकाक, रायबागकडून येणारा कानडी बोले, कोल्हापूर-साताऱ्याकडचा मराठी, मिरजेतला मुसलमान दखनी. एकाच वॉर्डात या तिन्ही बोली शेजारी शेजारी कण्हत.

मिशनचा हेतू लपलेला नव्हता. औषधाबरोबर प्रवचनही असे. लोकांना ते ठाऊक होते, आणि तरीही ते येत. ऐपतदाराने फी द्यावी आणि त्यावर गरिबाचा इलाज व्हावा, असा व्यवहार होता. धर्मांतराची धास्ती एकीकडे आणि बरे होऊन परतलेला शेजारी दुसरीकडे. या तुलनेत शेजाऱ्याचे पारडे जड ठरले.

पण एका कुशल सर्जनच्या हातावर रुग्णालय किती दिवस चालणार? वॉन्लेस यांनी हे लवकर ओळखले. १८९७ साली त्यांनी मिरजेतच वैद्यक शाळा सुरू केली. इथल्याच तरुणांना शिकवायचे, आणि शिकलेल्यांनी ठिकठिकाणच्या मिशन रुग्णालयांत, दवाखान्यांत जाऊन काम करायचे. पुढे कुष्ठरुग्णांसाठी वेगळी सोय झाली. सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले आणि त्या परिसराला वानलेसवाडी हे नाव पडले. १९२८ मध्ये वॉन्लेस यांना ‘सर’ किताब मिळाला; त्याच सुमारास ते निवृत्त झाले आणि १९३३ मध्ये वारले. सहकारी डॉ. चार्ल्स व्हेल यांनी काम पुढे चालवले. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी याच रुग्णालयातल्या खाटा उपयोगी पडल्या. आज मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने दिसतात, त्यांचे मूळ त्या १८९७ च्या शाळेपर्यंत जाते.

आता सीमेविषयी. आपल्याला वाटते, १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि तेव्हा आपल्या वाटेवर सीमा आली. खरे तर वॉन्लेस यांच्या काळात सीमा आजच्यापेक्षा अधिक होत्या. थोरली मिरज, धाकटी मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी, कोल्हापूर आणि मधूनमधून इंग्रजी मुलूख. बैलगाडी तासा-दोन तासांत एक राज्य ओलांडी. तरीही रुग्णालयाच्या दारात ‘तू कुठल्या संस्थानचा?’ या प्रश्नावर इलाज अडत नव्हता, कारण इलाजाचा पैसा कुठल्या संस्थानच्या खजिन्यातून यायचा नव्हता.

आज तो सरकारी योजनेतून येतो, आणि योजना पत्ता विचारते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा कर्नाटक सरकारने तीव्र हरकत घेतली. दोन्ही बाजूंची भाषणे आपण वर्तमानपत्रांतून वाचली. त्या भाषणांत गावांचा आकडा वारंवार आला; त्या गावांतला आजारी माणूस मात्र क्वचितच आला. त्याला कानडीत तपासले काय आणि मराठीत तपासले काय, त्याची दुखरी जागा एकच असते.

मिशनचे दिवस परत यावेत, असे कुणी म्हणणार नाही. दयेवर चालणाऱ्या इलाजापेक्षा हक्काने मिळणारा इलाज केव्हाही चांगला. पण हा हक्क गावाच्या वेशीवर, राज्याच्या पाटीपाशी संपत असेल, तर त्याला अजून पुष्कळ वाटचाल करायची आहे. मिरजेची वाट आपल्या आजोबा-पणजोबांनी पाडली. ती नकाशा पाहून पाडलेली नव्हती.