वाचन व गणित संपादणूक चाचण्यांचे जिल्हानिहाय निकाल (महाराष्ट्र)

वाचन व गणित संपादणूक चाचण्या म्हणजे शालेय विद्यार्थ्यांनी आपल्या इयत्तेस अपेक्षित असलेली वाचनाची व गणिताची कौशल्ये कितपत आत्मसात केली आहेत, हे एकसमान प्रश्नांच्या आधारे तपासणाऱ्या चाचण्या होत. वार्षिक परीक्षेचा हेतू एका विद्यार्थ्याचे यश ठरवणे हा असतो, तर संपादणूक चाचणीचा हेतू शाळा, जिल्हा किंवा राज्य यांची स्थिती जाणून घेणे हा असतो. महाराष्ट्रात अशा निकालांचे तीन प्रमुख स्रोत आहेत : ‘असर’ हे स्वयंसेवी सर्वेक्षण, केंद्र शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४ पासून परख राष्ट्रीय सर्वेक्षण) आणि राज्य शासनाची नियतकालिक मूल्यांकन चाचणी. कोणती मुले तपासली, कोठे तपासली आणि कोणी तपासली, या तिन्ही बाबतींत हे स्रोत परस्परांहून भिन्न आहेत. त्यामुळे एकाच जिल्ह्याबद्दल ते वेगवेगळे आकडे देऊ शकतात आणि तरीही त्यांतील एकही आकडा चुकीचा असेलच असे नाही.

पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील तरतुदींमुळे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्यास त्याच वर्गात मागे ठेवणे बंद झाले आणि परीक्षेची जागा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने घेतली. पटनोंदणी जवळपास पूर्णत्वास गेली. मात्र पटावर असलेले मूल प्रत्यक्षात वाचू शकते का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याची गरज निर्माण झाली. २०१९ मध्ये केंद्राने या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा लागू केली.

दरम्यान २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. वर्षारंभी पायाभूत चाचणी घेऊन मागे राहिलेली मुले शोधणे आणि त्यानंतर संकलित चाचण्यांद्वारे त्यांची प्रगती पाहणे, ही त्याची पद्धत होती. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केले. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत अर्थ समजून वाचता यावे व मूलभूत गणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि चौथीपासून वाचून शिकते, ही धारणा या उद्दिष्टामागे आहे. तिसरीत वाचन न आलेल्या मुलाला परिसर अभ्यास, विज्ञान आणि गणितातील शाब्दिक उदाहरणेही पुढे कठीण जातात.

असर

‘असर’ हे सर्वेक्षण ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झाले. २०१४ पर्यंत ते दरवर्षी होत असे; २०१६ पासून त्याचे मूळ स्वरूपातील राष्ट्रीय फेरे एक वर्षाआड योजले गेले, तथापि कोविडच्या साथीमुळे २०१८ नंतरचा असा फेरा २०२२ मध्येच होऊ शकला. सर्वेक्षण शाळेत न होता घरोघरी जाऊन केले जाते. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० कुटुंबे यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात. त्यामुळे खासगी शाळेत जाणारी, अनियमित हजेरी असणारी आणि शाळा सोडलेली मुलेही त्यात येतात.

५ ते १६ वयोगटातील प्रत्येक मुलाची एकेकट्याने तोंडी चाचणी होते. वाचनाच्या साधनात अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्या असतात. गणितात १ ते ९ व १० ते ९९ मधील संख्यांची ओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे या पायऱ्या असतात. आठवीतील मुलालाही हेच साधन दिले जाते. म्हणजेच असर इयत्तेचा अभ्यासक्रम तपासत नाही. पाया भरला आहे का, एवढेच तपासते.

देशपातळीवर ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के होती. तिसरीत वजाबाकी करू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण याच वर्षांत अनुक्रमे २८.२, २५.९ आणि ३३.७ टक्के होते. साथीच्या काळात शाळा बंद राहिल्याने वाचनाची झालेली घसरण भरून निघाली, तर गणितात मुले पूर्वीच्याही पुढे गेली, असे या आकड्यांवरून दिसते.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण व परख

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १३ नोव्हेंबर २०१७ रोजी तिसरी, पाचवी व आठवीसाठी घेतलेल्या सर्वेक्षणात जिल्हा हा निकालाचा मुख्य घटक धरण्यात आला. पुढील फेरा १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला आणि त्यात दहावीचाही समावेश होता. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने तिसरी, सहावी व नववीच्या सुमारे २१ लाख विद्यार्थ्यांची चाचणी झाली. तीत देशातील ७८१ जिल्हे होते. ही चाचणी निवडलेल्या शाळांत, त्या दिवशी हजर असलेल्या मुलांची होते आणि प्रश्न बहुपर्यायी असतात. शासकीय, अनुदानित, खासगी आणि केंद्र शासनाच्या शाळा असे सर्व व्यवस्थापनप्रकार नमुन्यात येतात.

२०२१ चे निकाल ५०० च्या मापनश्रेणीवर दिले होते. देशाची सरासरी तिसरीत भाषेसाठी ३२३ व गणितासाठी ३०६ होती. आठवीत ती ३०२ व २५५ इतकी खाली आली. हे गुण ५०० पैकी मिळालेले प्रत्यक्ष गुण नसतात. म्हणून ३०० म्हणजे ६० टक्के असा हिशेब करता येत नाही. २०२४ चे निकाल टक्केवारीत आहेत : तिसरीत भाषा ६४ व गणित ६०, सहावीत ५७ व ४६, नववीत ५४ व ३७. इयत्ता आणि मापनश्रेणी दोन्ही बदलल्याने २०२१ व २०२४ च्या सरासऱ्या एकमेकींतून वजा करून ‘वाढ’ किंवा ‘घट’ काढणे योग्य ठरत नाही.

सरासरीपेक्षा घटकनिहाय निकाल शिक्षकाला अधिक उपयोगी पडतो. २०२४ मध्ये तिसरीतील ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने मांडता आल्या, तर सहावीतील ५३ टक्के मुलांनाच १० पर्यंतचे पाढे व बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारांचा परस्परसंबंध समजला होता. वर्गात उद्या काय शिकवावे, याचे उत्तर अशा नोंदींत सापडते.

नियतकालिक मूल्यांकन चाचणी

स्टार्स प्रकल्पांतर्गत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे यांच्यामार्फत २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीसाठी प्रथम भाषा, गणित व इंग्रजी या विषयांच्या तीन चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या : पायाभूत, संकलित १ व संकलित २. ही नमुना चाचणी नाही. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील सर्व विद्यार्थी ती देतात. प्रश्नपत्रिका राज्यभर समान असते, पण चाचणी घेणे, उत्तरपत्रिका तपासणे व गुण नोंदवणे ही कामे शाळेतील शिक्षकच करतात. प्रत्येक मुलाची माहिती मिळणे हे तिचे बळ आहे, तर तपासणीत शाळागणिक फरक पडणे ही तिची मर्यादा आहे.

भंडारा जिल्ह्याचे उदाहरण

भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके मिळून भंडारा जिल्हा होतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ व साक्षरता ८३.७६ टक्के होती. १९९९ पूर्वीच्या भंडाऱ्याचे आकडे आजच्या जिल्ह्याशी ताडून पाहता येत नाहीत, कारण दोन्हींचा भूभाग वेगळा आहे.

जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत ‘जिल्ह्याचा निकाल’ या शब्दप्रयोगाची व्याप्ती समजण्यास उपयुक्त आहे. जनगणनेत तिची गणना नगर म्हणून होते. त्यामुळे केवळ ग्रामीण भागात होणाऱ्या असरच्या कक्षेत तेथील घरे येत नाहीत. तेथील केंद्रीय विद्यालय राज्याच्या नियतकालिक चाचणीबाहेर आहे. मात्र परखच्या नमुन्यात अशी शाळा निवडली जाऊ शकते. शेजारच्या खेड्यातील जिल्हा परिषद शाळेचे मूल मात्र तिन्ही ठिकाणी येऊ शकते. म्हणजे तिन्ही अहवालांत ‘भंडारा’ असे लिहिलेले असले, तरी त्यांतील मुलांचा समूह एक नाही.

भाषेचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. जिल्ह्यातील अनेक मुलांची घरची भाषा झाडीबोली आहे. चाचणी प्रमाण मराठीत असते. झाडीबोलीत ‘ण’ऐवजी ‘न’ उच्चारला जातो. ‘पाणी’ हा शब्द पाहून मूल ‘पानी’ म्हणाले, तर त्याने शब्द ओळखला आहे, हे चाचणी घेणाऱ्याने लक्षात घ्यावे लागते. बोलीचा उच्चार आणि वाचनातील चूक यांत भेद न केल्यास निकाल मुलाच्या वाचनाऐवजी त्याच्या घरच्या बोलीचे मोजमाप करतो.

गणितातही भाषा आड येते. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी लिहिला जातो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ ही वाचनपद्धती देण्यात आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण दाखवून या बदलाचे समर्थन केले. संख्यावाचनात मागे पडलेले मूल राशीत अडखळते की संख्यानामात, हे तोंडी विचारल्याशिवाय कळत नाही.

निकालांचे परीक्षण

निकाल तपासताना काही बाबी पाहणे आवश्यक मानले जाते.

पहिली बाब नमुन्याच्या आकाराची. यादृच्छिकपणे निवडलेल्या ४०० मुलांपैकी निम्मी वाचू शकली, तर खरे प्रमाण सुमारे ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असू शकते. १०० मुलांसाठी हीच कक्षा ४० ते ६० अशी रुंदावते. एकाच गावातील मुले परस्परांसारखी असल्याने प्रत्यक्षातील अनिश्चितता याहून अधिक असते. म्हणून असर जिल्हास्तरावर तिसरी ते पाचवी अशा एकत्रित गटाचे आकडे देते. दोन जिल्ह्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक असल्यास त्यावरून क्रमांक लावणे निरर्थक ठरते.

दुसरी बाब पटसंख्येची. तिसरीच्या वर्गात आठ मुले असतील, तर एका मुलाच्या यशापयशाने शाळेची टक्केवारी साडेबाराने बदलते. लहान शाळांच्या बाबतीत टक्केवारीऐवजी मुलांची संख्या व पातळी नोंदवणे अधिक योग्य असते.

तिसरी बाब सरासरीआड लपणाऱ्या मुलांची. दोन शाळांची सरासरी सारखीच असते. पण एकीत सर्व मुले मध्यम असतात, तर दुसरीत निम्मी उत्तम वाचतात आणि निम्म्यांना अक्षरओळखही नसते. दुसऱ्या शाळेची गरज सरासरीतून दिसत नाही.

टीका व मर्यादा

असरचे निकाल केवळ किमान कौशल्यांपुरते आहेत, तर राष्ट्रीय सर्वेक्षणात गैरहजर मुले सुटतात, असे आक्षेप घेतले जातात. डग जॉन्सन व आंद्रेस पराडो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातील राज्यांचे निकाल असरच्या तुलनेत बरेच वरचे असल्याचे आणि दोन्हींतील राज्यांचे क्रम जुळत नसल्याचे दाखवले. असरमधील वर्षावर्षांच्या चढउतारांवरही फार भिस्त ठेवू नये, असेही त्यांनी नोंदवले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडलेले तत्त्व येथे लागू पडते : एखाद्या आकड्यावर निर्णय जितके अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा बिघडण्याचा धोका वाढतो. गुणांवरून शिक्षकांना जाब विचारला जाऊ लागला, की शाळेनेच तपासलेल्या चाचणीतील गुण फुगण्याची शक्यता असते आणि मग मागे पडलेले मूल कागदावर ‘प्रगत’ ठरून मदतीपासून वंचित राहते. यास्तव नमुना सर्वेक्षणे धोरणासाठी आणि शाळेतील चाचण्या अध्यापनासाठी, अशी विभागणी शिक्षणतज्ज्ञ सुचवतात. केंद्रप्रमुखाने वा गावकऱ्यांनी काही मुलांचे वाचन प्रत्यक्ष ऐकणे हा नोंदवलेल्या गुणांची खातरजमा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. महाराष्ट्रात गावासमोर होणारे ‘चावडी वाचन’ याच प्रकारात मोडते.