वाटाण्याचा वेल आणि मालेगावचा सुपरमॅन

कळवणहून चार मित्र मोठ्या पडद्यावर एखादा गाजलेला विज्ञानपट बघायला निघाले की दोन वाटा फुटतात. एक वणी-दिंडोरीवरून नाशिकला जाते, दुसरी देवळ्यावरून मालेगावला. तिकिटं कुठे मिळतात त्यावर वाट ठरते. पण आवडत्या पिक्चरला टोळीनेच जायचं, तोंडपाठ प्रसंगालाही ओरडायचं, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारायची, या रीतीचं कूळ शोधायला गेलं तर तेही याच दोन वाटांवर सापडतं.

नाशिकची वाट दादासाहेब फाळक्यांची. जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीचा वाटाणा फारसा कोणी सांगत नाही. 1912 साली फाळके लंडनहून परतल्यावर हातात कॅमेरा होता, भांडवल नव्हतं. चित्रं हलतात हे पैसेवाल्यांना तोंडी सांगून पटेना. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. कोंब फुटला, पानं आली, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही फिल्म मिनिटभराची. निवडक लोकांना बोलावून दाखवली आणि त्यातल्या काहींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

रोज एकच चौकट टिपली, असं ही गोष्ट सांगणारे सांगतात. हिशेब करून बघा. त्या काळी सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी धावत. महिन्याच्या तीस चौकटी म्हणजे जेमतेम दोन सेकंद. वेल दिसायच्या आत संपला असता. मिनिटभराच्या फिल्मला नऊशेच्या वर चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. गोष्ट सांगताना चौकटी गळाल्या असाव्यात. तरी माझ्या लेखी आपल्याकडचा पहिला विज्ञानपट हाच: डोळ्याला कधी न दिसणारी गोष्ट यंत्राने दाखवली आणि बघणाऱ्यांनी ती घोळक्यात बसून पाहिली.

फाळके जादूचे प्रयोगही करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. उलटं वाचा, फाळके निघतात. तिकडे फ्रान्समध्ये 1902 साली पडद्यावर चंद्राच्या डोळ्यात यान घुसवणारा मेलिएसही मूळचा जादूगारच. जादूगाराला एकटा प्रेक्षक चालत नाही. शेजारचाही फसला हे दिसल्याशिवाय फसण्याला गंमत नाही. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये हनुमान उडाला, लंका पेटली आणि मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात.

पुढे ही रीत वाढली जत्रेच्या तंबूत. ट्रकवर प्रोजेक्टर, जनरेटरची घरघर, भोंग्यावर ‘फक्त आजच’ची आरोळी, खाली माती. एकच मशीन असलं की रीळ बदलेपर्यंत अंधार, आणि त्या अंधारात पुढे काय होणार यावर पैजा. 1994 साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदी बोलत आपल्याकडे आला. तो मी आधी शहरात पाहिला होता, मग तंबूत. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली तेव्हा शहरातलं थिएटर गप्प बसलं होतं. तंबूत मागून कोणीतरी पडद्यावरच्या माणसाला ओरडला, “पय रे भो, पय!” दुसऱ्या खेळाला तोच आवाज, त्याच जागी, पेला हलायच्याही आधी आला. तोवर निम्मा तंबू त्याच्याबरोबर ओरडायला तयार होता.

आता दुसरी वाट. कळवणजवळून वाहणारी गिरणा खाली मालेगावला जाते. तिथले शेख नासिर मुळात व्हिडिओ पार्लर चालवायचे. 2000 साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, नंतर थेट सुपरमॅनला हात घातला. सुपरमॅन झाला शफीक, अंगाने काडी, कामाने यंत्रमाग कामगार. हिरव्या कापडापुढे त्याला आडवा धरून उडवला. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. फाळक्यांच्या गल्ल्याची बैलगाडी इथे कॅमेऱ्याला मिळाली, एवढाच फरक. खलनायक तंबाखूवाला, माग आणि गुटखा दोन्ही ठाऊक असलेल्या गावाला तो समजावून सांगावा लागला नाही. या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी 2008 साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. शफीक पुढे कर्करोगाने गेला.

अमेरिकेत चाहते पात्रांचे कपडे घालून थिएटरात जातात याचं आपल्याला अप्रूप वाटतं. मालेगावच्या चाहत्याने कपडे घातले, ते घालून उडाला आणि आपल्याच गल्लीला पडद्यावर दिसला. मला ही पायरी वरची वाटते.

वाटाण्याची ती फिल्म आज बघायला मिळत नाही. मालेगावचा सुपरमॅन मात्र मोबाइलवरही सापडतो. बघायचा तर चार जणांना हाक मारा, भिंतीवर चादर लावा आणि शिट्टी कोण मारणार ते आधी ठरवा.