मेंढ्यांमधील सांसर्गिक गर्भपात

मेंढ्यांमधील सांसर्गिक गर्भपात : जिवाणू, विषाणू किंवा आदिजीवांच्या संसर्गाने गाभण मेंढी दिवस भरण्याआधी गाभडणे, मेलेले कोकरू टाकणे किंवा जन्मताच दगावणारे अशक्त कोकरू देणे. मेंढीचा गर्भकाळ सुमारे 147 ते 150 दिवसांचा असतो. धक्का, उपासमार, विषारी चारा यांमुळेही मेंढी गाभडते, आणि मोठ्या कळपात एखादी गाभडली तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मात्र हंगामात शंभरामागे दोनांहून अधिक मेंढ्या गाभडल्या, किंवा थोड्या दिवसांत लागोपाठ गाभडू लागल्या, तर संसर्ग गृहीत धरूनच पुढची पावले टाकावीत. पडलेल्या वारेचे पहिल्या काही तासांत काय होते, यावर या रोगांचे नियंत्रण मुख्यतः ठरते. कळपाला पुढे बाधा करणारे जंतू वारेतच सर्वाधिक असतात, आणि कारण ओळखायला लागणारा पुरावाही वारेतच असतो. ती कुत्र्यांपुढे टाकली की पुरावा जातो आणि रोग पसरतो.

गाभडलेल्या मेंढीकडे नुसते पाहून कारण सांगता येत नाही; वार पाहिली तर निदान दिशा मिळते. क्लॅमिडिया अबॉर्टस या जिवाणूमुळे मेंढी बहुधा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाभडते. कोकरू पूर्ण वाढलेले, ताजे दिसते, पण वारेवरच्या गोल लाल गाठींच्या मधला पातळ पडदा जाड आणि राठ झालेला असतो. टॉक्सोप्लाझ्मा या आदिजीवाच्या संसर्गात याच्या उलट घडते : मधला पडदा नितळ राहतो आणि गाठींवर एक-दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके उठतात, जुळ्यांपैकी एक कोकरू कधी कधी सुकून काळपट झालेले निघते. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूची लागण झालेल्या काही गर्भांत यकृतावर फिकट गोल डाग दिसतात. ब्रुसेला मेलिटेन्सिस आणि कॉक्सिएला बर्नेटी या जिवाणूंच्या संसर्गात मात्र डोळ्यांना ठाम असे काही सापडेलच असे नाही. त्यामुळे वारेचा गाठींसह तुकडा आणि शक्य तर गर्भ बर्फात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेत पोचवावा. महाराष्ट्रात पुण्यातील औंधचा रोग अन्वेषण विभाग हे काम करतो. पीपीआर आणि नीलजिव्हा या विषाणुजन्य रोगांतही मेंढ्या गाभडतात, पण तिथे ताप, तोंड येणे, नाक गळणे अशी लक्षणे मेंढीतच दिसतात, म्हणून ओळख तुलनेने सोपी. नीलजिव्हेची भारतातील पहिली नोंद 1964 साली महाराष्ट्रातूनच झाली.

कारण कळल्याने काय साधते, असा प्रश्न रास्त आहे. गेलेले कोकरू तर परत येत नाही. उत्तर पुढच्या वर्षात आहे. टॉक्सोप्लाझ्माने गाभडलेल्या मेंढीला पक्की प्रतिकारशक्ती येते. ती पुन्हा त्याच कारणाने सहसा गाभडत नाही, म्हणून तिला विकणे तोट्याचे. तिथे लक्ष द्यायचे ते मांजरांकडे : पिलांच्या विष्ठेतून परजीवीची बीजे चाऱ्यात आणि पेंडीत जातात आणि ओलसर मातीत वर्षभरही टिकतात. क्लॅमिडियाचा हिशेब वेगळा आहे. यंदा विण्याच्या सुमारास लागण झालेली मेंढी वरकरणी निरोगी राहते आणि पुढच्या गाभणपणात गाभडते. त्यामुळे पहिल्या वर्षी तुरळक दिसलेला रोग दुसऱ्या वर्षी वादळासारखा येतो, आणि मेंढपाळ त्या वर्षीच्या चाऱ्याला दोष देतो. ब्रुसेलाची मेंढी तर बरी दिसत असतानाही दुधातून आणि स्रावातून जंतू टाकत राहू शकते. तिला कळपात ठेवणे धोक्याचेच. गाभडलेली मेंढी सरसकट बाजारात काढण्याची रीत म्हणूनच दोन्हीकडून चुकते : कधी प्रतिकारशक्ती मिळवलेले चांगले जनावर हातचे जाते, कधी रोग दुसऱ्याच्या कळपात पोचतो. क्लॅमिडियाचा शिरकाव तर बहुधा विकत आणलेल्या मेंढीबरोबरच होतो.

प्रतिजैविकाच्या इंजेक्शनाने सगळे भागेल, ही समजूत अर्धीच खरी आहे. दीर्घ परिणामाचे ऑक्सिटेट्रासायक्लिन उरलेल्या गाभण मेंढ्यांना वेळेत दिले तर क्लॅमिडियाचे गर्भपात कमी होतात, पण वारेला झालेली इजा भरून येत नाही आणि संसर्गही संपत नाही. विषाणूंवर ते चालतच नाही, टॉक्सोप्लाझ्मावर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि ब्रुसेला पेशींच्या आत दडून राहतो. नियंत्रणासाठी औषधाची वाट पाहावी लागत नाही, याचा जुना दाखला माल्टाचा. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये तिथल्या सैनिकांच्या तापाचा जंतू, म्हणजे हाच ब्रुसेला मेलिटेन्सिस, शोधला; थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी 1905 मध्ये तो शेळ्यांत दाखवला; 1906 मध्ये फौजेला शेळीचे दूध बंद केले आणि सैनिकांतील रोगी झपाट्याने घटले. ब्रुसेलावरची रेव्ह-1 ही लस त्यानंतर कित्येक दशकांनी आली.

गाभडलेली मेंढी वेगळी ठेवावी, यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप भटकंतीचा आहे. दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेने निघालेला धनगरांचा वाडा मेंढी वेगळी कुठे ठेवणार? पण रात्री मेंढरे कोंडायला वाघर (जाळी) बरोबर असतेच; तिचा एक तुकडा बाजूला बांधून गाभडलेली मेंढी स्राव थांबेपर्यंत, साधारण तीन आठवडे, वेगळी राखता येते. ब्रुसेलाची शंका असेल तर ही मुदत आणखी लांबू शकते, आणि चालत्या वाड्याला ती पाळणे खरोखर अवघड आहे, हे मान्य करायला हवे. वार आणि मेलेले कोकरू कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल, चुना घालून पुरणे मात्र कुठल्याही मुक्कामावर जमते. ते टाळू नये, कारण ज्या शेतात मेंढरे बसवली तिथे उद्या दुसरा कळपही बसणार असतो. गाभडलेल्या मेंढीला दुसरीची कोकरी दूध पाजायला लावण्याचा मोहही टाळावा : क्लॅमिडिया असल्यास त्या कोकरीला लागण होते आणि मोठेपणी तीच गाभडते.

माणसाला असणारा धोका या नोंदीत दुय्यम मानता येणार नाही. वार ओढणे, कोकरू पुसणे ही कामे उघड्या हातांनी होतात आणि बरीचशी बायका करतात. क्लॅमिडिया आणि टॉक्सोप्लाझ्मा गरोदर बाईचा गर्भही घेऊ शकतात. गरोदर स्त्रीने या कामाला हात लावू नये, इतरांनी हातमोजे घालावेत, दूध उकळूनच प्यावे. माणसात क्यू ताप आणणारा कॉक्सिएला हवेतून पसरतो. नेदरलँड्समध्ये 2007 ते 2010 या काळात शेळ्यांच्या गोठ्यांतून 4,000 हून अधिक माणसांना क्यू ताप झाला आणि पन्नास हजारांवर शेळ्या माराव्या लागल्या.

लसीकरणाची स्थिती विषम आहे. पीपीआरची भारतीय लस चांगली आहे आणि एका मात्रेने काही वर्षे संरक्षण देते. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलाची लस मात्र चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांसाठी ठरली; मेंढ्या-शेळ्या त्या लसीकरणाबाहेर राहिल्या. रेव्ह-1 लसीमुळे गाभण मेंढीच गाभडू शकते, म्हणून ही लस तीन ते सहा महिन्यांच्या कोकरांना, शक्यतो डोळ्यात थेंब टाकून देतात. कोणत्या तालुक्यातल्या कळपांना यांपैकी कशाची गरज आहे, हे तिथल्या गाभडलेल्या मेंढ्यांच्या वारा प्रयोगशाळेत पोचू लागल्यावरच ठरवता येईल.