पडद्यावरील उमेदवार

१९४८ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी हॅरी ट्रूमन आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून स्थानकोस्थानकी जमलेल्या लोकांपुढे भाषणे करीत अमेरिकाभर फिरले. परंतु त्याच वर्षी दोन्ही प्रमुख पक्षांनी आपली अधिवेशने फिलाडेल्फियात भरविली, त्यास पूर्वेकडील शहरांना जोडणारी दूरचित्रवाणीची तार हे एक सबळ कारण होते. १९५१ मध्ये हे जाळे पश्चिम किनाऱ्यास भिडले, आणि पुढल्याच वर्षी रॉसर रीव्ह्ज या जाहिरातदाराने, ज्या हिकमतीने दुकानातला माल खपवावा त्याच हिकमतीने, अध्यक्षपदाचे उमेदवार सेनापती आयझेनहॉवर यांना २० सेकंदांच्या जाहिरातींत बसविले. प्रतिस्पर्धी स्टीव्हन्सन मात्र अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन व्यासंगपूर्ण भाषणे करीत, आणि ती लांबली की (घड्याळाची ही मुजोरी त्या विद्वान गृहस्थांना कधी मानवलीच नाही) मुद्दा अपुरा असतानाच प्रक्षेपण तुटे.