घाट, डोंगा आणि नदीपलीकडची मजुरी

आज आपण नदी ओलांडण्याबद्दल बोलू.

मुलचेऱ्याहून चपराळ्याकडे गेलं की वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात. तिथून पुढे तिला प्राणहिता म्हणायचं. सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. या पाण्यावर इंग्रज सरकारचा मोठा डोळा होता. आपल्या भागातला कापूस आगबोटीनं थेट समुद्रापर्यंत न्यायचा, असा आर्थर कॉटन या इंजिनिअरचा बेत. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, त्यातला तिसरा अहेरीजवळ देवलमरीला. ते चुकवायला कालवे नि बांध बांधायला घेतले, पैसा ओतला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं. तोवर नागपूरला रेल्वे येऊन पोचली होती.

सरकारला नदी लांबीनं हवी होती. आपल्या माणसांना ती फक्त आडवी ओलांडायची होती. बाजाराला, लेकीच्या घरी, कालेश्वरच्या दर्शनाला. ते काम ढिवरांच्या डोंग्यांनी केलं. पुढे १८७८ च्या कायद्यानं सरकारी घाटांचे ठेके देता येऊ लागले. ठेकेदारानं उताराचे दर लोकांच्या भाषेत लिहून घाटावर लावायचे, असंही त्यात आहे. तुमच्यापैकी कुणी असा फलक पाहिलाय का?

आता सिरोंचा-कालेश्वरला पूल आहे, वांगेपल्लीलाही झाला. पण पूल मोठ्या रस्त्याला मिळतो. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात जायच्या. रोजीसाठीच. २३ जानेवारी २०२४ ला सकाळी त्यांचा डोंगा उलटला. सहा जणी गेल्या.

अशा वेळी लोक नावाड्याला बोल लावतात. मला ते पुरतं पटत नाही. मजुरी पलीकडे आहे, पूल लांब आहे, फिरून गेलं तर अर्धी रोजी गाडीभाड्यात जाते. मग बाई डोंग्यातच बसणार.

मिरचीचा हंगाम येतोय. आपल्या गटातल्या कोण कोण डोंग्यानं जातात, कुठल्या घाटावरून, ते बचत गटाच्या वहीत लिहून घ्या. त्या आकड्यावर ग्रामसभेत लाइफ जॅकेट मागा, आणि ठराव लिहून झाल्याशिवाय उठू नका.